चार चॅनेलच्या ऑसिलोस्कोपवर लॉजिक ट्रिगर कसा लावावा: एलसीडीच्या एका बिघाडाच्या निमित्ताने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कन्व्हेयरवरून जाणारे नग मोजणाऱ्या बोर्डावर एटमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असून त्याला १६ × २ चा एलसीडी चार-बिट पद्धतीने जोडलेला आहे. ठरावीक संख्या झाली की एक रिले चालू होतो आणि थोड्या वेळाने बंद होतो. दिवसातून केव्हातरी रिले बंद झाल्यावर पडद्यावरील ४५६७ च्या जागी रोमन लिपीतील मोठा सी, मोठा एस आणि लहान सी अशी अक्षरे दिसू लागतात, आणि बोर्ड बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत ती तशीच राहतात. आपल्याकडे रिगॉलचा डीएस१०५४झेड हा स्कोप, म्हणजे तारांवरील व्होल्टेज काळानुसार चित्रात दाखवणारा ऑसिलोस्कोप आहे. एलसीडीने डेटा उचलावा हे सांगणाऱ्या एनेबल पिनवर साधा एज ट्रिगर (सिग्नलच्या चढत्या किंवा उतरत्या कडेवर चित्र टिपण्याची अट) लावला तर प्रत्येक पल्सला चित्र बदलत राहते, आणि पॅटर्न ट्रिगर (अनेक तारांच्या ठरावीक स्थितीची अट) लावला तर एकतर तो लागतच नाही किंवा वाटेल तेव्हा लागतो. अशा वेळी लॉजिक ट्रिगर, म्हणजे अनेक तारांवर एकत्र अट घालणारा ट्रिगर, नेमका कसा बसवायचा, असे आपण विचारले आहे.

प्रथम बिघाडाच्या लक्षणाकडे पाहू, कारण कोणता ट्रिगर लावायचा हे त्यावरूनच ठरते. एचडी४४७८० जातीचा एलसीडी कंट्रोलर चार-बिट पद्धतीत प्रत्येक बाइट चार-चार बिटांच्या दोन तुकड्यांत, म्हणजे निबलांत, घेतो, आधी वरचा निबल आणि मग खालचा. आकड्यांचे कोड हेक्स ३० ते ३९ असे असल्यामुळे ४५६७ पाठवताना तारांवरून ३, ४, ३, ५, ३, ६, ३, ७ असे निबल जातात. यांच्या आधी कुठेतरी एनेबलवर एक आगंतुक पल्स आली आणि एलसीडीने ती निबल म्हणून मोजली, तर पुढच्या सगळ्या जोड्या एका घराने सरकतात आणि ४३, ५३, ६३ असे वाचले जाते. हे कोड नेमके मोठा सी, मोठा एस आणि लहान सी यांचेच आहेत. म्हणजे अक्षरे मनमानी आलेली नाहीत. निबलची जोडी तुटली आहे आणि पुन्हा एक आगंतुक पल्स येईपर्यंत किंवा एलसीडी नव्याने इनिशियलाइझ होईपर्यंत ती तुटलेलीच राहणार. मायक्रोकंट्रोलर मात्र या काळात अगदी बरोबर क्रमाने बरोबर निबल पाठवत असतो. त्यामुळे बिघडलेला पडदा दिसल्यावर स्कोप लावून काहीच सापडत नाही. ज्या एका क्षणी जास्तीची पल्स आली तो क्षणच पकडावा लागतो.

लॉजिक ट्रिगरचे सगळे मेनू बाजूला ठेवून मी एकच गोष्ट आधी सांगेन. ट्रिगरने तारांकडे समोरची चिप जशी पाहते तसेच पाहिले पाहिजे. ती चिप कोणत्या क्षणी पाहते, कोणत्या व्होल्टेजला हाय आणि कोणत्या व्होल्टेजला लो म्हणते आणि किती रुंदीच्या पल्सला पल्स मानते, या तीन प्रश्नांची उत्तरे डेटाशीटमध्ये असतात आणि तीच स्कोपमध्ये भरायची असतात. आपला पॅटर्न ट्रिगर वाटेल तेव्हा लागतो तो बहुधा पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, आणि लागतच नाही तो दुसऱ्याकडे झाल्यामुळे.

पहिला प्रश्न क्षणाचा. समजा आपल्याला फक्त कर्सरची जागा ठरवणाऱ्या आज्ञा पकडायच्या आहेत. या आज्ञेत आरएस (येणारा बाइट आज्ञा आहे की अक्षर हे सांगणारी तार) लो असतो आणि वरच्या निबलमध्ये डी७ (डी४ ते डी७ या चार डेटा तारांपैकी सर्वांत वरची) हाय असतो. पहिल्या ओळीच्या सुरुवातीसाठी हेक्स ८० आणि दुसरीसाठी हेक्स सी०. म्हणून बहुतेक जण पॅटर्नमध्ये आरएसला एल (लो), डी७ ला एच (हाय) आणि बाकी सर्वांना एक्स (काहीही चालेल) भरतात आणि मोकळे होतात. आता तारांवर प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. शेवटचा आकडा ८ किंवा ९ असेल तर त्याच्या खालच्या निबलमुळे डी७ आधीच हाय असतो आणि तो तसाच राहतो. पुढची आज्ञा पाठवताना अर्डुइनोची प्रचलित लिक्विडक्रिस्टल लायब्ररी आधी आरएस बदलते, आणि नंतर डी४ पासून डी७ पर्यंतच्या तारा एकेक करून, काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने लिहिते. आरएस लो झाला त्याच क्षणी आपला पॅटर्न खरा ठरतो आणि स्कोप ट्रिगर होतो, मग पुढची आज्ञा पडदा पुसण्याची का असेना. एलसीडीने मात्र त्या वेळी तारांकडे पाहिलेलेही नसते, कारण तो एनेबलच्या फॉलिंग एजलाच, म्हणजे एनेबल हायवरून लोवर येतानाच, डेटा उचलतो. ०१११ वरून १००० वर जाताना तारा एकामागून एक बदलत असल्यामुळे मधली जी तात्पुरती रूपे दिसतात, त्यांचेही तसेच आहे. सर्किटच्या दृष्टीने ती निरुपद्रवी असतात, पण नुसत्या पातळ्या पाहणाऱ्या ट्रिगरसाठी ती खरीच असतात.

यावर उपाय म्हणजे पॅटर्नमध्ये एनेबलला पातळी न देता फॉलिंग एज देणे. रिगॉलच्या पॅटर्न मेनूत प्रत्येक चॅनेलला एच, एल, एक्स, रायझिंग एज किंवा फॉलिंग एज यांपैकी एक देता येते, मात्र एज एकाच चॅनेलला देता येते. दुसऱ्या चॅनेलला एज दिली की पहिल्याचे आपोआप एक्स होते आणि ते सहज लक्षात येत नाही, म्हणून सर्व चॅनेल भरून झाल्यावर ओळ पुन्हा एकदा वाचून घ्यावी. कीसाइटच्या स्कोपमध्येही पॅटर्नमध्ये एकच एज चालते. टेक्ट्रॉनिक्समध्ये हीच सोय लॉजिक ट्रिगर या नावाखाली मिळते आणि तिथे एखादे चॅनेल क्लॉक म्हणून नेमून त्याची एज निवडायची असते. नाव काहीही असो, अर्थ एकच: घड्याळाची एज येईल त्या क्षणी बाकीच्या तारांची स्थिती तपास, एरवी नको. एनेबल फॉलिंग, आरएस एल, डी७ एच आणि उरलेल्या चॅनेलला एक्स अशी मांडणी केली की फक्त जागा ठरवणाऱ्या आज्ञांवर ट्रिगर लागेल. दोन अपवाद ध्यानात असू द्यावेत. कर्सर (शून्यापासून मोजून) आठव्या किंवा त्यापुढच्या स्तंभात नेला असेल तर खालच्या निबललाही डी७ हाय असतो, आणि सुरुवातीच्या इनिशियलायझेशनमधील हेक्स २८ व ०सी यांच्या खालच्या निबललाही तो हाय असतो. हे ट्रिगर खोटे नव्हेत. आपण पाहत असलेल्या दोन तारांवर ते निबल खरोखर तसेच दिसतात. सर्व डेटा तारा एकदम पाहायच्या असतील तर सोळा डिजिटल चॅनेल असलेला मिक्स्ड सिग्नल स्कोप लागतो, पण या कामासाठी त्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न व्होल्टेजचा, आणि माझ्या अनुभवात ‘ट्रिगर लागतच नाही’ या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ इथे असते. एज ट्रिगरमध्ये एकच थ्रेशोल्ड (हाय आणि लो यांतली सीमा ठरवणारे व्होल्टेज) असतो, त्यामुळे लेव्हलचा नॉब फिरवला की काम होते. पॅटर्न ट्रिगरमध्ये प्रत्येक चॅनेलचा थ्रेशोल्ड स्वतंत्र असतो, आणि नॉब फक्त त्या क्षणी मेनूत निवडलेल्या चॅनेलचा थ्रेशोल्ड हलवतो. बाकीचे तीन शून्य व्होल्टवर किंवा मागच्या कामाच्या वेळी सोडले तिथे पडलेले असतात. शून्य व्होल्टच्या थ्रेशोल्डवर लो असलेली तार नॉइजमुळे कधी हाय तर कधी लो ठरते, आणि मग ट्रिगरला काही धरबंध राहत नाही. म्हणून मेनूत एकेक सोर्स निवडून चारही थ्रेशोल्ड हाताने लावावेत.

किती व्होल्टवर? पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर एचडी४४७८० किमान २.२ व्होल्टला हाय आणि कमाल ०.६ व्होल्टला लो मानण्याची हमी देतो. मधल्या पट्ट्यात तो काय मानेल ते सांगता येत नाही. स्कोपला मात्र एका चॅनेलसाठी एकच आकडा द्यावा लागतो, तेव्हा तो आपण काय शोधतो आहोत त्यावरून ठरवावा. आरएस आणि डी७ सारख्या व्यवस्थित चालणाऱ्या तारांसाठी १.४ किंवा १.५ व्होल्ट ठीक आहे. एनेबलवर नको असलेली पल्स शोधताना थ्रेशोल्ड खाली, १ व्होल्टच्या आसपास आणावा, म्हणजे एलसीडीला जी पल्स कदाचित हाय वाटली असेल तीही सुटणार नाही. उलट एखादी खरी पल्स कमी उंचीची आहे अशी शंका असेल तर तो २.२ व्होल्टपर्यंत वर न्यावा आणि ट्रिगर चुकतो का ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी ‘पुरवठ्याच्या निम्मे’ हा नियम सांगितला जातो. सीमॉस चिपना तो चालतो, पण टीटीएलसारख्या इनपुटांवर २.५ व्होल्ट लावले तर चिपला हाय दिसलेली २.३ व्होल्टची पल्स स्कोपला दिसतच नाही.

याच्याशी जोडलेल्या दोन बाबी मेनूबाहेरच्या आहेत. एक म्हणजे प्रोबवरची ×१ आणि ×१० ची कळ व चॅनेलच्या मेनूतील प्रोबचे गुणोत्तर जुळले पाहिजे, नाहीतर आपण लावलेला १.५ व्होल्ट प्रत्यक्षात १५ किंवा ०.१५ व्होल्ट असतो. दुसरी बाब उभ्या मापाची. ट्रिगर सर्किटला थोडा हिस्टेरिसिस (बारीक चढउतार दुर्लक्षिण्याचे अंतर) असतो आणि तो व्होल्टमध्ये नसून पडद्यावरील विभागांच्या अंशात असतो. चारही चॅनेल एकावर एक न येता दिसावेत म्हणून ५ व्होल्ट प्रति विभाग असे माप ठेवले की हिस्टेरिसिसही त्या प्रमाणात वाढतो आणि बारीक पल्स गिळल्या जातात. मी एनेबलचे चॅनेल १ व्होल्ट प्रति विभाग आणि बाकीची २ व्होल्ट प्रति विभाग ठेवतो, चित्रे एकमेकांवर आली तरी चालतील. ट्रिगर कपलिंगमध्ये हाय फ्रिक्वेन्सी रिजेक्ट चालू राहिलेले नाही, हेही पाहून घ्यावे. त्याची मर्यादा साधारणपणे काही दशक किलोहर्ट्झची असते, आणि आपल्याला हवी असलेली पल्स त्याच्या कितीतरी पुढची आहे.

तिसरा प्रश्न रुंदीचा, आणि आपल्या बिघाडाची किल्ली त्यात आहे. डेटाशीटप्रमाणे पाच व्होल्टवर एनेबलची पल्स किमान २३० नॅनोसेकंद रुंद असावी लागते. याचा अर्थ त्याहून अरुंद पल्स एलसीडी ओळखणारच नाही असा कोणी घेतला, तर तो चुकीचा आहे. २३० नॅनोसेकंद ही ओळखण्याची हमी आहे, दुर्लक्ष करण्याची नव्हे. दुसऱ्या बाजूला लायब्ररी एनेबल हाय केल्यावर १ मायक्रोसेकंद थांबते आणि पिन बदलण्याच्या फंक्शनलाही वेळ लागतो, त्यामुळे खऱ्या पल्स काही मायक्रोसेकंद रुंद असतात. आपल्या बोर्डावर ही रुंदी एकदा साध्या एज ट्रिगरने मोजून घ्यावी. खरी पल्स १ मायक्रोसेकंदापेक्षा कधीच अरुंद नाही याची खात्री झाली, की अट आपोआप तयार होते: एनेबल हाय आणि तो १ मायक्रोसेकंदापेक्षा कमी काळ.

रिगॉलमध्ये ही अट पॅटर्नच्या मेनूत बसत नाही, कारण तिथे कालावधी देता येत नाही. त्यासाठी ड्युरेशन नावाचा वेगळा ट्रिगर आहे. त्यात चॅनेलना एच, एल आणि एक्स देता येतात आणि तो पॅटर्न किती काळ टिकला यावर पेक्षा कमी, पेक्षा जास्त किंवा दोन मर्यादांच्या मध्ये अशी अट घालता येते. कीसाइटमध्ये पॅटर्न आणि कालावधी एकाच मेनूत आहेत. नुसती एनेबलची रुंदी पाहायची असेल तर साधा पल्स ट्रिगरही पुरतो, हे मी मान्य करतो. ड्युरेशन उपयोगी पडतो तो दुसरी तार जोडायची असते तेव्हा. तिसऱ्या चॅनेलवर रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसकडे जाणारी मायक्रोकंट्रोलरची पिन घ्या. सुरुवातीला तिला एक्स ठेवा. दोनचार घटना मिळाल्यावर त्या सगळ्या रिले बंद होतानाच्या आहेत असे दिसले तर तिला एल द्या, म्हणजे चालू होतानाचा गोंगाट गाळला जाईल.

पेक्षा कमी ही अट लावल्यावर ट्रिगरचा बिंदू पॅटर्न सुरू होतो तिथे नसून संपतो तिथे असतो, कारण पल्स संपल्याशिवाय ती अरुंद होती हे स्कोपला कळणार तरी कसे. पडद्यावर घटना ट्रिगर खुणेच्या डावीकडे दिसेल. ट्रिगर उशिरा लागला असे समजून लेव्हल हलवत बसू नये. कीसाइटच्या पॅटर्न मेनूत पेक्षा जास्त या अटीलाही ट्रिगर पॅटर्न सुटतानाच लागतो, आणि पॅटर्न अडकून पडला तर लगेच कळावे यासाठी टाइमआउट हा वेगळा पर्याय ठेवलेला आहे.

आता मांडणी. पहिल्या चॅनेलवर एनेबल, दुसऱ्यावर आरएस, तिसऱ्यावर रिलेची पिन आणि चौथ्यावर एलसीडीच्या पायांपाशी मोजलेला पाच व्होल्टचा पुरवठा. डी७ ची आता गरज नाही. चारही चॅनेल चालू असताना डीएस१०५४झेड २५० मेगासॅम्पल प्रति सेकंद या वेगाने, म्हणजे दर ४ नॅनोसेकंदांनी नमुना घेतो आणि मेमरी प्रत्येक चॅनेलला ३० लाख नमुन्यांपर्यंत मिळते. हिशेब केला तर १२ मिलिसेकंदांची नोंद होते, आणि या स्कोपच्या पडद्यावर आडवे विभाग बारा असल्यामुळे १ मिलिसेकंद प्रति विभाग हे माप चपखल बसते. लायब्ररी प्रत्येक निबलनंतर १०० मायक्रोसेकंद थांबते, त्यामुळे एका अक्षराला २०० मायक्रोसेकंदांहून थोडा अधिक आणि बत्तीस अक्षरांच्या पूर्ण पडद्याला साडेसहा मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे एक पूर्ण लेखन या नोंदीत सामावते. मेमरीची खोली ऑटोवर न ठेवता हाताने कमाल निवडावी. ट्रिगरचा बिंदू मध्यावर न ठेवता उजवीकडे, दहाव्या विभागाच्या आसपास न्यावा. कारण आधी घडलेले असते: रिलेची पिन लो झाल्यावर कॉइलमधला प्रवाह ओसरून संपर्क प्रत्यक्ष उघडायला काही मिलिसेकंद जातात आणि ठिणगी तेव्हा पडते. पिन लो झाली त्या क्षणापासून ग्लिचपर्यंतचा, म्हणजे आगंतुक पल्सपर्यंतचा, सारा काळ नोंदीत आला तरच दोन्हींचा संबंध दाखवता येतो.

स्वीप (चित्र टिपण्याची पद्धत) नॉर्मल किंवा सिंगल असावा, ऑटो कधीही नसावा. ऑटोमध्ये ट्रिगर आला नाही तरी स्कोप आपल्या मनाने चित्र काढत राहतो, आणि दिवसातून एकदा येणारी घटना शोधणाऱ्याला त्यातले खरे कोणते हे कळायला मार्ग नसतो. मी सिंगल वापरतो, म्हणजे पहिली घटना पडद्यावर गोठून राहते आणि पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या ग्लिचमुळे ती पुसली जात नाही.

इतके करूनही स्कोप दोन तास गप्प बसला तर त्यातून काय निष्कर्ष काढायचा? ट्रिगर नीट लागतो हे आधी सिद्ध केलेले नसेल तर काहीच नाही. म्हणून खऱ्या बिघाडाची वाट पाहण्याआधी खोटा बिघाड आपणच निर्माण करावा. चाचणीपुरता प्रोग्राममध्ये एनेबलची पिन थेट पोर्टमधून एका आज्ञेने हाय करून, मध्ये सहा रिकाम्या आज्ञा घालून, पुन्हा लो करावी. १६ मेगाहर्ट्झवर मायक्रोकंट्रोलरच्या क्लॉकची एक घटिका (सायकल) ६२.५ नॅनोसेकंदांची आणि बिट बदलणारी आज्ञा दोन घटिकांची, त्यामुळे पल्स अर्ध्या मायक्रोसेकंदाची होते. या पल्सला स्कोप ट्रिगर झाला पाहिजे, आणि त्याच वेळी एलसीडीच्या पडद्यावर ४५६७ चे तेच सी, एस, सी उमटले पाहिजे. या एकाच चाचणीत ट्रिगरही तपासला जातो आणि निबल सरकण्याचा तर्कही. ट्रिगर झाला नाही तर सर्व चॅनेलना एक्स देऊन फक्त एनेबलला एच ठेवावे, लागतो का पाहावे, आणि मग एकेक अट परत घालावी. ज्या अटीला ट्रिगर थांबेल त्या चॅनेलचा थ्रेशोल्ड किंवा प्रोबचे गुणोत्तर चुकलेले आहे.

रिलेच्या जवळ काम करताना आणखी एक शंका कायम मनात ठेवावी लागते. स्कोपवर दिसणारी पल्स खरोखर एनेबलच्या तारेवर आहे की प्रोबच्या तारेने हवेतून उचलली आहे? प्रोबच्या ग्राउंडची ती पंधरावीस सेंटिमीटरची लोंबती तार आणि प्रोबचे टोक मिळून एक वेटोळे तयार होते, आणि संपर्क उघडतानाची ठिणगी त्यात सहज दोनतीन व्होल्ट निर्माण करू शकते. पडताळा सोपा आहे. प्रोबचे टोक काढून त्याच जागी त्याच्याच ग्राउंड क्लिपला जोडावे आणि रिले चालू-बंद करावा. ट्रिगर तरीही लागत असेल तर तो प्रोबचा आहे, सर्किटचा नव्हे. मग क्लिप काढून टोकाजवळ बसणारी छोटी ग्राउंड स्प्रिंग वापरावी आणि ग्राउंड एलसीडीच्या पायापाशीच घ्यावे. याच ओघात एक सक्त सूचना: रिलेच्या संपर्कांच्या बाजूला २३० व्होल्ट असतील तर तिथे प्रोब लावू नये. चारही चॅनेलचे ग्राउंड आतून एकच असते आणि ते मेन्सच्या अर्थिंगला जोडलेले असते; ‘स्कोप तरंगता ठेवण्यासाठी’ प्लगची अर्थ पिन काढण्याची जी पद्धत काही कार्यशाळांत दिसते ती जिवावर बेतणारी आहे. त्या बाजूचे काही पाहायचेच असेल तर डिफरन्शियल प्रोब हवा.

हीच रीत इतर बसना (चिपमधील संवादाच्या तारांना) कशी लावायची तेही आपण विचारले आहे, त्याविषयी थोडक्यात लिहितो. आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या बसमध्ये एससीएल (घड्याळाची तार) हाय असताना एसडीए (डेटाची तार) खाली येणे म्हणजे स्टार्ट; तेव्हा एससीएलला एच आणि एसडीएला फॉलिंग एज, एवढ्या पॅटर्नवर डीकोडिंगचा पर्याय नसलेल्या स्कोपवरही प्रत्येक व्यवहाराची सुरुवात पकडता येते. एसडीएला रायझिंग एज दिली की स्टॉप मिळतो. इथे पुल-अप रेझिस्टरमुळे चढत्या कडा मंद असतात आणि चिप पुरवठ्याच्या ०.३ व ०.७ पट या मर्यादा मानतात, म्हणून थ्रेशोल्ड निम्म्यावर ठेवणे योग्य ठरते. एसपीआय बसवर दोन चिप सिलेक्ट (कोणत्या चिपशी बोलायचे ते निवडणाऱ्या तारा) एकाच वेळी लो होतात का हे पाहण्यासाठी दोन्हींना एल द्यावा. दोहोंपैकी कोणताही एक लो झाला तरी ट्रिगर हवा असेल, तर ज्या स्कोपमध्ये अँड, ऑर, नँड, नॉर निवडता येतात, जसे सिग्लेंटमध्ये, तिथे दोन्हींना एच देऊन नँड निवडावे. हाफ-ब्रिजमध्ये (एकाखाली एक जोडलेल्या दोन मॉस्फेटच्या सर्किटमध्ये) वरच्या आणि खालच्या मॉस्फेटचे संकेत एकाच वेळी हाय होतात का, हा तर ड्युरेशन ट्रिगरचा सर्वांत उत्तम उपयोग आहे. आयआर२११० सारखा ड्रायव्हर स्वतःहून त्यांना अडवत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही लॉजिक इनपुटांवर प्रोब लावून एच-एच हा पॅटर्न ठेवावा, आणि तोही ड्रायव्हरच्या आधी, कारण वरच्या मॉस्फेटच्या गेटला साध्या प्रोबने हात लावता येत नाही. सेटअप आणि होल्ड (एजच्या आधी आणि नंतर डेटा स्थिर राहण्याचा काळ) मोजणारा ट्रिगर आपल्या एलसीडीसाठी निरुपयोगी आहे. तिथे ८० नॅनोसेकंद सेटअप आणि १० नॅनोसेकंद होल्ड लागतो आणि लायब्ररी त्याच्या कितीतरी पट वेळ देते. शिवाय चार चॅनेलवर दर ४ नॅनोसेकंदांनी नमुना घेणाऱ्या स्कोपने १० नॅनोसेकंदांचा न्यायनिवाडा करणे धाडसाचेच ठरेल.

पुन्हा मूळ बिघाडाकडे येतो. ट्रिगर सिद्ध आहे, प्रोबचा संशय दूर झाला आहे, पडद्यावर सी, एस, सी उमटले आणि तरीही अरुंद पल्सचा ट्रिगर लागला नाही, असे घडू शकते. तेव्हा जास्तीची पल्स नॉइजची नसून पूर्ण रुंदीची, म्हणजे प्रोग्रामनेच दिलेली असण्याची शक्यता तपासावी. नग मोजण्यासाठी इंटरप्ट (मुख्य प्रोग्राम क्षणभर थांबवून दुसरे काम करवणारी सोय) वापरला असेल आणि त्याच्या रूटीनमधून पडद्यावर काही लिहिले जात असेल, तर मुख्य प्रोग्राम एका बाइटचे दोन निबल पाठवत असताना मधेच इंटरप्टचे निबल घुसतात. ही पल्स रुंदीवरून ओळखता येत नाही, पण अंतरावरून येते. लायब्ररी दोन एनेबल पल्समध्ये किमान १०० मायक्रोसेकंद सोडतेच. इंटरप्टमधली पल्स या थांब्याच्या मध्येच येते. म्हणून ड्युरेशन ट्रिगरमध्ये एनेबलला एल देऊन कालावधी ९० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी ठेवावा. तो लागला तर नोंदीत आरएस कुठे बदलला ते पाहावे, आणि पडद्यावर लिहिण्याचे काम इंटरप्टमधून काढून मुख्य लूपमध्ये आणावे. रूटीनने फक्त एक व्हेरिएबल बदलावा.

अरुंद पल्स सापडली तर उपाय नेहमीचेच आहेत. संपर्कांवर स्नबर (ठिणगी शमवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी), कॉइलवर डायोड नसेल तर तो, एलसीडीच्या पायांपाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि फीत लांब असेल तर एनेबलच्या शेजारून ग्राउंडची तार. प्रत्येक बदलानंतर तोच ट्रिगर तसाच चालू ठेवून रिले काही शे वेळा चालू-बंद करावा, म्हणजे कोणत्या बदलाने फरक पडला ते कळेल. त्यासाठी सगळी मांडणी आत्ताच स्कोपच्या मेमरीत सेव्ह करून ठेवावी.

दोन्हींपैकी एकही ट्रिगर लागला नाही तर चौथ्या चॅनेलवरील पुरवठ्यावर ४.५ व्होल्टला फॉलिंग एज ट्रिगर लावून पाहावा. मात्र पुरवठा बसल्यामुळे एलसीडीचा अंतर्गत रीसेट झाला असता तर तो आठ-बिट पद्धतीत आणि डिस्प्ले बंद अशा अवस्थेत गेला असता, आणि आपल्याला अक्षरांऐवजी कोरा पडदा किंवा पहिल्या ओळीत भरीव चौकोनांची रांग दिसली असती. आपण सांगितलेले लक्षण तसे नाही, म्हणून या शक्यतेला मी शेवटचे स्थान दिले आहे.